महाविद्यालयीन विद्यार्थी, इंटरनेट आणि मनाचे शिक्षण

(ज्ञातिमंडळाच्या येडगाव येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चिटणिसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. मॅट्रिक होऊन मी शिक्षकी पेशात शिरलो आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. अशा माणसाने महाविद्यालयीन तरुणांच्या मनाविषयी आणि इंटरनेटविषयी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. मलाही ते तसेच वाटत होते. परंतु गेल्या दोन वर्षांत माझ्या घरी जे घडले, त्याने मला उतारवयात ह्या विषयाचा विद्यार्थी केले. जे शिकलो ते आपणांसमोर ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या ह्या मुलखाला दूरसंचाराचे नवल नाही. येथून जवळच, नारायणगावच्या बाजूस असलेल्या आर्वी गावी १९७१ साली भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आकाशाकडे तोंड करून बसलेली ती प्रचंड पांढरी थाळी पाहावयास आम्ही मुले सायकलीवरून गेलो होतो. साता समुद्रापलीकडचा माणूस बोलतो आणि त्याचा आवाज आधी आपल्या आर्वीच्या माळावर उतरतो, ह्याचा आम्हांस केवढा अभिमान वाटे! परदेशी संचाराचे ते खाते १९८६ साली विदेश संचार निगम झाले आणि त्याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा खुली केली. आरंभी ती मोठ्या शहरांपुरती होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ती वाडीवस्तीवर पोहोचली. २०२० साली टाळेबंदी आली. शाळा व महाविद्यालये मोबाइलवर भरू लागली. ज्या वस्तूला हात लावू नये म्हणून आपण मुलांना दटावीत होतो, तीच वस्तू 'घे, अभ्यास कर' म्हणून आपल्याच हातांनी आपण त्यांना दिली. हे आपण विसरता कामा नये.

त्याच १९९५ साली, सातासमुद्रापार, एक पुस्तक प्रसिद्ध झाले. डॅनियल गोलमन हे त्याचे लेखक आणि 'इमोशनल इंटेलिजन्स' हे त्याचे नाव. मराठीत त्यास आपण भावनिक बुद्धिमत्ता म्हणतो. ही कल्पना त्यापूर्वी १९९० साली पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडली होती. गोलमन यांनी ती घरोघरी नेली. तिचा आशय कठीण नाही. स्वतःच्या मनात कोणती भावना उठली आहे हे ओळखणे, ती आवरणे, तिला कामास लावणे, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे जाणणे, आणि त्या जाणिवेने माणसांशी नाते राखणे. ही पाच अंगे ज्याच्या ठायी आहेत, तो गणितात थोडा कच्चा असला तरी संसारात सहसा फसत नाही. ज्याच्या ठायी ती नाहीत, तो परीक्षेत पहिला येऊनही एखाद्या अवघड प्रसंगी कोलमडतो.

आपणांस हे अगदी नवे वाटू नये. समर्थांनी मनाचे श्लोक रचले ते दोनशे पाच, आणि ते सारे मनाला उद्देशून आहेत. आमच्या पिढीने ते पाठ केले. पाठ केले, हे खरे. परंतु मनाशी बोलावयास शिकलो काय? माझ्यापुरते उत्तर मी पुढे देतो.

आता ह्या दोहोंचा, म्हणजे भावनिक बुद्धीचा आणि इंटरनेटचा, संबंध काय? निरनिराळ्या देशांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या आहेत. ज्यांस स्वतःच्या भावना ओळखता व आवरता येतात, त्यांच्यात इंटरनेटचा अनावर वापर कमी आढळतो, असा त्यांचा सर्वसाधारण सूर आहे. परंतु अशा पाहण्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. मन एकटे पडले म्हणून मुलगा मोबाइलमध्ये शिरला, की मोबाइलमध्ये शिरला म्हणून एकटा पडला? पुष्कळदा दोन्ही खरे असते, आणि एक दुसऱ्यास वाढवीत जाते. म्हणून प्रत्येक तरुणाच्या कपाळी 'व्यसनी' असा शिक्का मारण्याची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत मोबाइल-संगणकावरील खेळांच्या अनावर ओढीला विकार म्हणून स्थान दिले आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. परंतु नुसता इंटरनेटचा पुष्कळ वापर हा काही त्या यादीतला स्वतंत्र आजार नव्हे. त्याच इंटरनेटवर आपली मुले स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करतात, शेतकरी टोमॅटोचा बाजारभाव पाहतात, आणि २०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'स्वयं' ह्या व्यवस्थेवर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क ऐकतात. तेव्हा मुलगा किती तास मोबाइल पाहतो, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणत्या भावनेने त्याकडे जातो, हा पहिला प्रश्न होय.

हे मला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. माझ्या नातवाने शिकविले. त्याच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्याच व्यासपीठावर बारावीच्या गुणांबद्दल मंडळाने त्याचा सत्कार केला. श्रीफळ दिले, स्मरणिकेत छायाचित्र छापले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. मग तो शहरातील एका महाविद्यालयात गेला. पहिल्या दिवाळीस घरी आला तो निराळाच. जेवणाच्या पानावर मोबाइल, अंथरुणात मोबाइल. विचारावे एक तर उत्तर एका शब्दाचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत तो निळसर उजेड दिसे. एके दिवशी माझा संयम सुटला. मी मोबाइल हिसकावून घेतला आणि घरातल्या सर्वांदेखत त्याला नको ते बोललो. तो माझ्या अंगावर ओरडला. आयुष्यात प्रथमच ओरडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी. ने निघून गेला. त्यानंतर वर्षभर आमच्यात 'कसा आहेस', 'बरा आहे' ह्यापलीकडे शब्द नव्हता. सणासुदीस आला तरी आल्या पावली परत जाई.

गेल्या वर्षी हिवाळ्यात तो काही दिवस घरी राहिला. कांद्याला पाणी द्यावयाचे होते आणि थ्री-फेज वीज रात्रीची होती. आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्याचे भय किती आहे, हे आपणांस मी सांगावयास नको. रात्री रानात एकट्याने जावयाचे नाही आणि गेल्यावर मुकाट्याने बसावयाचे नाही. आवाज करीत राहावयाचे. म्हणून त्याला बरोबर घेतले. त्याने मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली. अकराच्या सुमारास मोबाइलची बॅटरी संपली. मग आवाज करण्यास आम्ही दोघेच उरलो. बोलणे भागच पडले. मी काहीबाही बोलत होतो. जुन्या शाळेच्या गोष्टी सांगत होतो. एकाएकी तो म्हणाला, "आबा, तुम्हाला वाटतं मी गेम खेळतो. मी नाही खेळत. मी बघत असतो."

"काय बघतोस?"

"मला किती जण हसले ते."

मग त्याने सारे सांगितले. पहिल्याच सत्रात त्याने वर्गात उभे राहून इंग्रजीत एक प्रश्न विचारला होता. इंग्रजी मोडके होते. कोणीतरी ते मोबाइलवर टिपून घेतले, त्याला विनोदी संगीत जोडले आणि वर्गाच्या समूहावर टाकले. तेथून ते इतर वर्गांत गेले. पाहणारे त्याला नावाने न ओळखता त्या वाक्याने ओळखू लागले. तो रोज रात्री ती चित्रफीत उघडी, खाली हसण्याची चिन्हे किती वाढली ते मोजी. वर्गात जाणे कमी झाले. दोन विषय राहिले. आणि हे घरी का सांगितले नाही, ह्याचे त्याने दिलेले उत्तर मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "तुम्ही माझा फोटो भिंतीवर लावला होता."

बंधुभगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेतले ते छायाचित्र मीच चौकट करून भिंतीवर लावले होते.

त्या रात्री कांद्याच्या वाफ्यावर बसून मी हिशेब केला. गेले वर्षभर मी त्याला विचारलेले प्रश्न कोणते? परीक्षा कधी आहे, गुण किती पडले, मोबाइल ठेवतोस की नाही. 'तुझे तेथे मन लागते का' हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. हजारो मुलांचे चेहरे वाचल्याचा मला गर्व होता. माझ्या नातवाचा चेहरा मला वाचता आला नाही. भावनिक बुद्धिमत्तेच्या परीक्षेत नापास झाला तो नातू नव्हे, आजोबा होय.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही दोघे त्याच्या महाविद्यालयात गेलो. एका समंजस प्राध्यापिकाबाईंनी ती चित्रफीत काढावयास लावली. ज्याने ती केली होती तो मुलगाही समोर आला. तोही खेड्यातलाच होता. आपल्याला कोणी हसू नये म्हणून त्याने दुसऱ्याला हसविण्याचा धंदा पत्करला होता! नातवाचा एक विषय सुटला, एक अद्याप राहिला आहे. मोबाइल अजूनही त्याच्या हाती असतो. परंतु आता तो रात्री दहा वाजता मोबाइल ठेवून माझ्याकडे येतो आणि दिवसात काय झाले ते सांगतो. कधी सांगत नाही; नुसता बसतो. तेवढे पुरते.

येथून आळे हे गाव लांब नाही. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वर माउलींनी पैठणास वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळ्यास आहे, अशी आपली परंपरा आहे. दर्शनास आपण सारेच जातो. रेडा वेद बोलला, हा चमत्कार आपणांस ठाऊक असतो. परंतु परंपरेने त्याच्या आधीचा एक प्रसंग सांगितला आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. रेड्याच्या पाठीवर आसूड बसले आणि वळ उठले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. मला आता वाटते की, खरा चमत्कार तो होता. आज मुक्याला बोलते करणे अवघड राहिले नाही. खिशातले यंत्र वेद म्हणते, इंग्रजी म्हणते, विचाराल ते म्हणते. परंतु दुसऱ्याच्या पाठीवरचा आसूड आपल्या पाठीवर उमटावा, ही विद्या कोणत्याही यंत्रातून उतरत नाही. ती माणसाने माणसापाशी बसूनच शिकावयाची असते. ज्यांनी माझ्या नातवाची चित्रफीत पाहून हसण्याचे चिन्ह दाबले, ती मुले दुष्ट नव्हती. त्यांना वळ दिसला नाही, इतकेच.

आणि हा दोष केवळ तरुणांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी म्हणून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती पुढे पाठविणारे सारे काही महाविद्यालयीन विद्यार्थी नव्हते. आपल्यासारखी बायकामुले असलेली, संसारी माणसे होती. भय वाटले आणि बोट दाबले. मध्ये विचाराला जागाच राहिली नाही. मीदेखील रोज सकाळी आलेला मजकूर न वाचता दहा जणांस पाठवीत असे. तरुणांस उपदेश करण्यापूर्वी आपण आपले बोट आवरले पाहिजे.

आता उपाय. आपण येडगावकर धरणाच्या काठी राहतो. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे येथून पाणी येथे येते आणि कुकडीच्या डाव्या कालव्याने पार श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्याकडे जाते. धरणाचे दरवाजे कायमचे बंद ठेवून चालत नाही आणि कायमचे उघडे ठेवूनही चालत नाही. पाणी आवर्तनाने सोडावे लागते. मनाचे व मोबाइलचेही तसेच आहे. मी मोबाइल हिसकावला, म्हणजे दरवाजा बंद केला. पाणी बांधावरून गेले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली निराळा मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि दीड तास साऱ्या गावाने दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. त्यातले मर्म 'साऱ्या गावाने' ह्या शब्दांत आहे. मुलाने मोबाइल ठेवावयाचा आणि बापाने मात्र पाहावयाचा, असा तो नियम नव्हता. आपल्या शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या थाळ्यांची जी महादुर्बीण आहे, तेथे पाहावयास गेल्यावर मोबाइल बंद ठेवण्यास सांगतात. फार दुरून येणारा क्षीण संदेश ऐकावयाचा, तर जवळचा गोंगाट थांबवावा लागतो. घरातल्या मुलाच्या मनातला संदेश त्याहून क्षीण असतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस मी तीनच गोष्टी सांगतो. रात्री मोबाइल हाती घेण्यापूर्वी स्वतःस विचारा, 'मला ह्या क्षणी काय वाटते आहे?' आणि त्या भावनेला तिचे खरे नाव द्या. कंटाळा, भीती, मत्सर, अपमान, एकाकीपणा. नाव दिलेली भावना निम्मी आवरलेली असते. दुसरे, रागाने लिहिलेले उत्तर सकाळपर्यंत पाठवू नका. तिसरे, कोणाला हसण्याची वस्तू पुढे पाठविण्यापूर्वी वळ कोणाच्या पाठीवर उठणार, हे पाहा. आणि दुःख अनावर झाले तर लपवू नका. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' ह्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो. कोणी पैशाला फसविले तर १९३० हा क्रमांक आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने हजारो घरांस शिकविले आहे की, व्यसनात सापडलेला माणूस वाईट नसतो, तो मदतीस पात्र असतो. मदत मागण्यात लाज नाही.

शेवटी मंडळास माझ्या दोन विनंत्या. पहिली, गुणगौरव अवश्य करावा. परंतु ज्या मुलांना आपण ह्या व्यासपीठावर बोलावितो, त्यांना पुढच्या वर्षीही बोलवावे, मग ते उत्तीर्ण होवोत वा न होवोत. हार घालणाऱ्यांसमोर पडल्याची बातमी सांगता आली पाहिजे. दुसरी, गाव सोडून शिक्षणास जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस त्या शहरातील आपल्या एका ज्ञातिकुटुंबाशी जोडून द्यावे. त्या कुटुंबाने महिन्यातून एकदा त्याला जेवावयास बोलवावे आणि गुणांविषयी एकही प्रश्न विचारू नये. ह्यास निधी लागत नाही. एक ताट अधिक लागते. माझे नाव आपल्या यादीत पहिले लिहावे. माझा मुलगा ज्या शहरात राहतो, तेथील घर ह्या कामासाठी मोकळे आहे, आणि सूनबाईंची संमती मी घेतलेली आहे.

घरी परतल्यावर भिंतीवरचे ते छायाचित्र मी काढून ठेवणार होतो. नातवानेच अडविले. म्हणाला, "राहू द्या आबा, आता त्याची भीती वाटत नाही." त्या छायाचित्रात त्याला जे गुण मिळाले होते, त्यांहून ह्या वाक्याचे गुण मी अधिक मानतो.